नव्वद किलोमीटरचं मटण

ऊना हार्गेटचं वजन गेल्या खेपेला बेचाळीस किलो भरलं, आणि ते कागदावर लिहिताना विमानानं गावोगाव फिरणाऱ्या नर्सनं, सिस्टर ब्रॉनविननं, पेन जरा जास्तच दाबलं.

"क्लेम, पुढच्या गुरुवारी सकाळी अकराला येते," ती म्हणाली. "आजींना गरम जेवण मिळतंय आणि त्या ते खातायत, हे मला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. नाही तर त्याच विमानातून त्यांना किनाऱ्यावरच्या वृद्धाश्रमात न्यावं लागेल."

आडरानातल्या मिलंगाराहून किनारा अकराशे किलोमीटर. तिथं आई महिनाभरही टिकायची नाही, हे क्लेमला ठाऊक होतं.

क्लेम मेकॅनिक. मेलेला पंप उठवेल, पण अंडं उकडायचं म्हटलं की घाम फुटायचा. आणि आई कोण? चाळीस वर्षं लोकर कातरणाऱ्या टोळ्यांना रांधून घातलेली बाई. तीस-तीस दांडगे गडी तिच्यासमोर ताट धरून मुकाट उभे राहायचे. आता तिचे हात थरथरायला लागले आणि स्वयंपाक क्लेमच्या गळ्यात पडला. त्यात पाच आठवडे गावाच्या दोन्ही रस्त्यांवर पुराचं पाणी. गॅस संपला, सरपणाचा भिजून लगदा झाला. उरलं गॅरेज.

मग गॅरेजमध्येच रांधणं आलं. त्यानं ड्रिलला रंग ढवळायची दांडी लावून बटाटे घुसळले. पातेल्यात कमी, भिंतीवर जास्त. भोपळा ग्राइंडरनं चिरला. ब्लोटॉर्चनं चीज वितळवायला गेला तर पावच पेटला. संत्री लोखंड आवळायच्या व्हाइसमध्ये पिळली. ऊना एक घास जिभेवर धरायची आणि ताट सरकवायची.

"हे ग्रीस कुठल्या गाडीचं?" एवढंच विचारायची. चेष्टेनं नाही, खरंच विचारायची.

गुरुवारी सकाळी क्लेमनं मेंढीची शेवटून दुसरी तंगडी बर्फातून काढली आणि तिच्यासमोर डोकं धरून बसला. आता एकच उपाय होता. ट्रकवाले पॅटिस इंजिनवर ठेवून निघतात, चालत्या गाडीच्या उष्णतेवर ते शिजतं: पॅटिसला तीस किलोमीटर, कोंबडीला सत्तर. तंगडीला नव्वद तरी हवेत. पण नव्वद किलोमीटर जायचं कुठं? कोरडी जागा म्हणजे विमान उतरायची धावपट्टी, बाराशे मीटर.

आईला एकटं कसं सोडायचं, म्हणून त्यानं तिला पिकअपमध्ये बसवलं आणि बॉनेट उघडून तंगडी इंजिनवर तारेनं बांधायला लागला. खिडकीतून आवाज आला.

"हाड काढ. चपटं कर. फॉइलमध्ये चार वेळा गुंडाळ."

दोन आठवड्यांत ग्रीस सोडून ती पहिल्यांदाच काही बोलली होती. क्लेमनं निमूट हाड काढलं.

पंच्याहत्तर वेळा धावपट्टी कापायची होती. ऊना डॅशबोर्डच्या धुळीत बोटानं रेघा ओढत होती. तिसरा गिअर टाकला की दटावायची, मोठ्या आचेवर मटण वातड होतं, दुसऱ्यावर ठेव. पन्नास रेघा झाल्या तेव्हा डिझेलचा काटा तांबड्याला टेकला. क्लेमचा शर्ट पाठीला चिकटला होता. एकोणसत्तराव्या रेघेला डोक्यावर विमान घरघरलं.

"आई, आली ती. बाजूला घेतो."

"वास अजून कच्चा आहे. सहा राहिल्या."

"अगं, त्यांना उतरायला जागा नाही!"

"माझ्या स्वयंपाकघरात वेळेआधी कुणी ताट वाजवलेलं मी चालवून घेतलं नाही. फिरू दे त्यांना."

विमान फिरत राहिलं. क्लेम दात आवळून गाडी हाकत राहिला, मनात सहा वेळा आईला विमानात चढवून.

सिस्टर उतरली ती तांबडीलाल. डिझेलपेक्षा महाग असलेल्या विमानाच्या इंधनाबद्दल ती बरंच काही बोलली आणि आधी वजनकाटा मांडून ऊनाला त्यावर उभं केलं. एक्केचाळीस. क्लेम चाकाला टेकून खाली बसला.

ऊनानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. बॉनेटवर ताट म्हणून चाकाची धुतलेली टोपी ठेवून तिनं थरथरत्या हातानं मटण सोडवलं. एक तुकडा खाल्ला. थांबली. दुसरा खाल्ला. मग कुणाशी न बोलता टोपी रिकामी केली आणि परत भरली. सिस्टरचं बोलणं कधी बंद पडलं ते तिलाही कळलं नसावं. तिच्याही हातात एक तुकडा होता.

"मीठ विसरलाय गाढव," ऊना म्हणाली.

सिस्टरनं बोटं पुसली आणि तिला परत काट्यावर उभं केलं. बेचाळीसला किंचित कमी. तिनं तो आकडा कागदावर लिहिला.

"एक महिना," ती म्हणाली. "फक्त एक, क्लेम. पण मी परत येईन त्या दिवशी जेवायच्या आधीच काटा बेचाळीसच्या वर हवा."

विमान रिकाम्या खुर्चीनिशी उडालं. क्लेमनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. गॅरेजमध्ये अर्धा डबा डिझेल उरलं होतं, रस्त्यांवर पाणी तसंच होतं, आणि हे त्यानं आईला सांगितलं नव्हतं.

"रड नंतर," ऊना डॅशबोर्डवरच्या रेघा पुसत म्हणाली. "ती शेवटची तंगडी बाहेर काढून ठेव. बर्फ सुटायला वेळ लागतो."