देवीपुढे सोडलेलं इंजेक्शन

बीबी गावाजवळच्या शाळेत मी इतिहास शिकवतो; खरं म्हणजे करून दाखवतो. टेबलावर चढल्याशिवाय माझ्याकडून एकही लढाई जिंकली गेलेली नाही. अशा माणसाचा उजवा पाय एका सकाळी बधिर झाला, डाव्या डोळ्यापुढे धूर साचला, तेव्हा मुलांना वाटलं, सरांनी नवं सोंग काढलं. काही दिवस मलाही तसंच मानायचं होतं. मग संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाईंनी एमआरआय पाहून सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराचे राखणदारच मज्जातंतूंवरचं वेष्टण कुरतडतात, उंदरानं वायर कुरतडावी तसं. आजार मुळातून जात नाही, पण दर आठवड्याच्या इंजेक्शनानं नवे झटके कमी होतात.

मला सुईची भीती. टेबलावरचा सेनापती दर रविवारी बायकोसमोर, कुंदासमोर, मांडी धरून बोंबलायचा. तरी सात-आठ महिन्यांत नजर निवळली, पाय चालू लागला, आणि मनात शंका शिरली. मी गावच्या देवीला नवस बोललो होतो. तिनंच बरं केलं असेल तर सुई कशाला?

आमच्याकडे नवस फळला की देवीपुढे एखादी वस्तू सोडतात, म्हणजे ती पुन्हा शिवायची नाही. कुणी चहा सोडतं, कुणी पेरू. मी वांगं सोडणार याची गावाला खात्री होती, कारण भरीत म्हणजे माझा जीव. तेच मला सोडवेना. दसऱ्याला ओंजळीत पाणी घेतलं आणि सभामंडप दणाणेल अशा आवाजात म्हणालो, "आई, मी इंजेक्शन सोडलं!" घरी कुंदा भांडली, रडली. मी एकच पालुपद धरलं, देवीला दिलेला शब्द मोडू का?

चैत्रातल्या यात्रेत भर दुपारी दर्शनाच्या रांगेत उभा होतो. पायांची एकदम कणीक झाली, डोळ्यापुढे तोच धूर, आणि मी पायऱ्यांवर कोसळलो. लोक हसले, सर पुन्हा नाटक करून राह्यले! मागून एक म्हातारी पुढे आली. तिनं लोकांना मला सावलीत ओढायला लावलं, लुगड्याचा पदर माठात भिजवून माझ्या मानेवर, कपाळावर ठेवला. "काय झालं व माय याले?" तिनं विचारलं. कुंदानं रडतरडत सगळं सांगितलं. "यायनं देवीपुढं इंजेक्शनच सोडलं, मावशी!"

म्हातारी खळखळून हसली. "काऊन रे बापू, सुई आवडते का तुले?"

"नाही."

"मंग नावडतं देऊन देवीले फसवतं का? द्या लागते ते आवडीचं. तिनं धाडलेलं औषध तिलेच वापस करतं, अन् वरून नवस फेडला म्हणतं!"

गारव्यानं अर्ध्या तासात नजर बरीच उजळली. वर पाहिलं तर ती नव्हती. संग्रामपूरकडची असावी, असं कुणी म्हणालं. मला ती पुन्हा दिसली नाही. ती कोण, यावर मी वाद घालत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उन्हानं या आजारात जुनी लक्षणं डोकं वर काढतात, ओला पदर अगदी योग्य होता. पण पायाचा अशक्तपणा हा नवा झटका आहे. "सर, बरं वाटत होतं ते औषध चालू होतं म्हणून." पाच दिवस सलाइनमधून स्टेरॉइड घेतलं. पाय बराचसा आला, थोडा रुसलेलाच राहिला. आता लढाया मी खुर्चीत बसून जिंकतो आणि मुलं तेवढ्याच टाळ्या वाजवतात.

काठी टेकत पुन्हा देवीपुढे गेलो. ओंजळीत पाणी घेतलं, "आई, वांगं सोडलं," म्हणालो, आणि जन्मात पहिल्यांदा माझा आवाज शेजारच्यालाही ऐकू गेला नाही. इतकी वर्षं मी देवीला माझ्या सोयीचंच देत आलो होतो. शरण जाणं म्हणजे तिनं दिलेलं घेणंही असतं, हे त्या ओल्या पदरानं शिकवलं. आता दर रविवारी दिवा लागला की मी मुकाट्यानं मांडी पुढे करतो. कुंदा सुई टोचते, हात जोडते, आणि माझ्यासमोर बसून भाकरीबरोबर भरीत खाते. वास इतका सुंदर येतो की देवीला आपण खरोखरच काहीतरी दिलं, याची दर आठवड्याला खात्री पटते.