काकांचा उघडा कंस

आख्ख्या शहापूर-मुरबाडमध्ये उघड्या गोष्टींना आमच्या मावशीच्या मिस्टरांएवढा घाबरणारा माणूस नाय, पैजेवर सांगते! भातसानगरला धरणाच्या दरवाज्यांवर काकांनी सगळी नोकरी काढली. उघडलं की बंद करायचंच, ही सवय रिटायर झाल्यावरही सुटली नाय. टोकावड्याच्या धाब्यावर परक्या माणसाच्या पाण्याच्या बाटलीला झाकण लावून येतात! माझं बोलणं तर त्यांना सहनच होत नाय. मी एका गोष्टीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत उडी मारते आणि हे कल्याणच्या जीपमध्ये सगळ्यांसमोर तीन बोटं वर करून बसतात. "तीन उघड्या हायत गो. आधी मैत्रिणीचं लग्न बंद कर!" आख्खी जीप वळून बघते.

आणि हा माणूस घरी बसून, दोन बोटांनी टाइप करत, प्रोग्रामिंगची भाषा बनवतोय! मावशीनं सांगितलं तेव्हा माझ्या हातातला चहा सांडला. पहिला नियम अर्थातच, कंस उघडला की बंद केलाच पाहिजे, नायतर प्रोग्राम चालणार नाय. मी म्हटलं, "काका, कंस हवेत कशाला? आतल्या ओळी डावीकडं जागा सोडून लिहायच्या, ओळ परत कडेला आली की कंस संपला, कळतंच की." केवढे भडकले! "मोकळ्या जागेनं पाणी अडतं काय गो?" आतून मावशी ओरडली, "अवो, भाकर थंड झाली, तिचा पन कंस बंद करा!"

सगळे हसले, मी सोडून. कारण कॉलेजात प्रोग्रामिंगच्या प्रॅक्टिकलला मी एकच कंस विसरले होते आणि नापास झाले होते. परीक्षा परत द्यायची होती, पण मी लॅपटॉप मिटला तो मिटलाच. हे फक्त मावशीला ठाऊक होतं.

परवा काका पेनड्राइव्ह घेऊन एसटीनं थेट आमच्याकडे मुरबाडला. लॅपटॉपकडे बोट करून म्हणाले, "हा उघड." जगाची झाकणं लावणारा माणूस मला उघड म्हणतोय! उघडला. त्यांनी आपली भाषा त्यावर चढवली. "लिही. आनि एक कंस बंद करू नको."

लिहिलं. आतली ओळ संपवून पुढची परत डाव्या कडेला आणली, आणि स्क्रीनवर उमटलं: "कंस राह्यला होता. मी लावलाय. तू फुडं जा."

माझी मोकळी जागा! घेतली होती त्यांनी!

"काका, तुमचा नियम?"

"तो दरवाज्यांना. पोरींना नाय." मग चष्मा पुसत म्हणाले, "परीक्षेत मी नसनार, तिथं तूच लाव."

जाताना त्यांनी आमचं फाटक लावलं, शेजाऱ्यांचंही लावलं. लॅपटॉप तेवढा उघडा ठेवून गेले.