फूटपट्टीची वाकडी शिवण

अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्याने बाईचा उजवा हात नेला, उजवा पाय अर्धामुर्धा नेला, पण जिभेला हात लावायची काही त्याची छाती झाली नाही. दवाखान्यात शुद्धीवर आल्या आल्या तिने पहिलं वाक्य काय बोलावं? "हा उशीचा अभ्रा कोणी शिवलाय? शिवण बघा कुठे भटकायला निघालीय ती!" नवऱ्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बायको वाचली, हे डॉक्टरांनी सांगण्याआधी त्याला तिथेच कळलं.

तिला सगळे फूटपट्टी म्हणत. बसगाड्यांच्या कारखान्यात तिने उभी हयात सीटा शिवण्यात घालवली होती. जाड रेक्झिन असो की कापड, खडूची रेघ न मारता ती मशीनखाली सरकवायची आणि शिवण अशी यायची की शेजारी पट्टी ठेवून बघा. कारखान्यातल्या मेकॅनिक मंडळींनी हे नाव ठेवलं. त्यातल्याच एकाशी तिने लग्न केलं आणि तो नाव बरोबर घेऊन घरी आला. अर्थात नाव फक्त शिवणीवरून पडलं होतं असं नाही. बाई बोलायलाही सरळच, समोरच्याला लागलं तर लागलं.

आता मात्र घरात तिच्या वाट्याला दोनच शब्द उरले होते. राहू दे.

ती पेला उचलायला गेली की मुलगा म्हणे, "आई, राहू दे, मी देतो." भाजी चिरायला बसली की सून म्हणे, "राहू द्या आई, सुरी धारदार आहे." सून दवाखान्यात एक्स-रे काढायची, तुटलेली हाडं रोज बघायची, त्यामुळे तिला घरातल्या प्रत्येक वस्तूत एकेक फ्रॅक्चर दिसायचं. नवरा तर बोलतही नसे, नुसता पुढे होऊन काम करून टाकी. माणसं वाईट नव्हती हो! वाईट असती तर फूटपट्टीने केव्हाच सरळ केली असती. पण मायेने बोलणाऱ्याशी भांडायचं तरी कसं? दिवसभर खुर्चीत बसून तिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

वसंत आला. खिडकीसमोरच्या झाडाला तांबूस पालवी फुटली, दुपारी वारा सुटायला लागला, आणि घरात रविवारच्या सहलींची भाषा सुरू झाली. ही त्यांची जुनी सवय. थंडी सरली की दर रविवारी डबे भरायचे आणि गावाबाहेरच्या तळ्यावर जायचं. तिथे झाडं विरळ, म्हणून फूटपट्टी जुन्या चादरी-पडदे जोडून मोठं छत शिवायची. चार कोपऱ्यांना चार नाड्या, चार काठ्या, झालं. घरात त्याला सगळे 'सावली'च म्हणत. "सावली घेतली का रे?" असं कोणीतरी ओरडल्याशिवाय गाडी हलत नसे. दर वर्षी जिथे विरलं असेल तिथे ती नवा तुकडा लावायची. गेल्या वर्षी तिच्या आजारपणात सावली माळ्यावरच राहिली आणि उंदरांनी तिची पार चाळण केली.

मुलाने दुकानातून एक तंबू आणला. पिशवीतून काढला की फट्कन उघडतो म्हणे. त्याने बैठकीच्या खोलीत उघडून दाखवला, तर तो उघडला तो कपाटाच्या दारातच अडकला.

"छान आहे," फूटपट्टी म्हणाली. "कपाटाला ऊन लागणार नाही आता."

मुलगा हसला, पण त्याच्या मनात दुसरंच काही घोळत होतं. हिवाळ्यात तिला एकदा तळ्यावर नेलं होतं. उतार आहे, दगड आहेत, म्हणून तिला गाडीतच बसवलं होतं, आणि बाकीचे खाली पाण्याशी. ती काचेतून त्यांची डोकी बघत बसली होती आणि परतताना वाटभर कोणाशी बोलली नव्हती.

"आई," तो चाचरत म्हणाला, "येत्या रविवारी आम्ही तिघं जाऊन येतो. तुला उगीच दगदग. शेजारच्या काकू येऊन बसतील तुझ्याजवळ."

"काकूंना मी सांभाळू की त्यांनी मला?" ती म्हणाली. "परवा त्या आपल्या दारात स्वतःच्या घराची किल्ली लावत होत्या."

"आई, मस्करी नको."

"मस्करी कोण करतंय? मी येणार. गाडीत बसायला नाही, खाली पाण्याशी. आणि सावली मी शिवणार. रविवारी सावली तयार असली तर मला खाली न्यायचं. नसली, तर पुन्हा तळ्याचं नावसुद्धा काढणार नाही. मग बोलवा तुमच्या काकूंना."

मुलाने बापाकडे बघितलं, बापाने छताकडे. "बरं," मुलगा शेवटी म्हणाला. एका हाताने, तोही डावा, एवढं मोठं छत शिवून होणार नाही हे त्याला स्वच्छ दिसत होतं. खरं सांगायचं तर त्याला त्यात सुटल्यासारखं वाटलं.

फूटपट्टीने दुसऱ्याच दिवशी जेवणाचं टेबल बळकावलं. मशीन चालवायला पाय साथ देईना, म्हणून हातशिलाई. सुई साबणाच्या वडीत उभी खोचायची आणि डाव्या हाताने दोरा ओवायचा. गाठ दातांनी. कापड धरायला दुसरा हात नव्हता, तर तिने नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीतला लोखंडी शिकंजा काढला, टेबलाच्या कडेला लावला आणि कापडाची कड त्यात आवळली. नवरा मदतीला पुढे झाला तेव्हा तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो पाणी प्यायला निघून गेला. त्याला तहान नव्हती.

आणि शिवण? काय सांगायची शिवणीची शोभा! उजवीकडे निघाली की डावीकडे पोचायची. एक टाका लांब, एक आखूड, एक भलतीकडेच. पहिली शिवण पूर्ण झाली तेव्हा फूटपट्टीने ती खिडकीशी धरून बघितली आणि तिला रडू कोसळलं. कारखान्यात एखाद्या शिकाऊ पोरीने अशी शिवण आणली असती तर तिने ती तिच्यासमोर टराटरा उसवली असती. मग नाक पुसून तिने दुसरी कड शिकंज्यात आवळली.

शनिवारी दुपारपर्यंत दोनच शिवणी राहिल्या होत्या. हाताच्या व्यायामाला जायची तिची वेळ झाली, नवरा तिला घेऊन गेला. परत आली तर दारातच सून उभी, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"आई, झाली हो तुमची सावली! बघा तरी!"

टेबलावर सावली नीट घडी करून ठेवली होती. फूटपट्टीने घडी उलगडली. राहिलेल्या दोन शिवणी झाल्या होत्या, मशीनवर. आणि तेवढंच नाही. आधीच्या वाकड्या शिवणीही उसवून सुनेने पुन्हा घातल्या होत्या. सगळ्या सरळ, सगळे टाके सारखे. कारखान्यात कोणीही पास केल्या असत्या.

"तुम्ही जिंकलात," सून म्हणाली. "ह्यांना कशाला सांगायचं? तुम्हाला यायचं होतं ना? मलाही तुम्ही यायला हव्या होतात."

फूटपट्टी खुर्चीत बसली. कात्री उचलली. आणि पहिल्या शिवणीच्या टोकाला कात्रीचं टोक घालून तिने टाका तोडला.

"आई! अहो, हे काय करताय?"

"उसवतेय."

"अगं, झालंय ना ते," नवरा म्हणाला. "उद्या जायचंय. आता काय पुन्हा होणार आहे?"

"नाही झालं तर नाही झालं. हे हिने शिवलंय. मग उद्या माझ्या जागी हीच जाऊ दे दोनदा!" तिचा आवाज चढला. "माझा हात गेला, पाय गेला, ठीक आहे. आता माझी चूकसुद्धा मला ठेवू देणार नाही का तुम्ही? माझं वाकडं आहे, माझं आहे! मला राग आलाय, समजलं? फार राग आलाय!"

सुनेचा चेहरा उतरला. ती आत गेली आणि स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज जरा जास्तच यायला लागला. तिचंही चुकलं कुठे, तिने दुपारची झोप मोडून केलं होतं. फूटपट्टीला ते कळत होतं, म्हणून तर जीव आणखीच जळत होता. तरी हात थांबला नाही. शेवटचा सरळ टाका निघेपर्यंत तिने उसवलं, आणि मग साबणाच्या वडीत सुई खोचली. आता हात सरावला होता; लांब लांब टाके घालत ती रात्रभर टेबलाशीच बसली.

रविवारी सकाळी मुलगा गाडीची किल्ली फिरवत आला. "झाली का सावली?"

"एक बाजू राहिलीय."

तो ओशाळला, पण मान हलवून म्हणाला, "मग आई, ठरलं होतं आपलं..."

"रविवारी तयार असली तर, असं ठरलं होतं. रविवार संपला का? घरातून निघेपर्यंत असं मी कुठे म्हटलं होतं? तूच सांग, म्हटलं होतं का?"

मुलगा किल्ली फिरवायचा थांबला. नवऱ्याने चार काठ्या उचलून गाडीत टाकल्या.

मागच्या सीटवर फूटपट्टी आणि सून. दोघींच्या मध्ये सावलीचा ढीग. फूटपट्टीने सीटच्या शिवणीवरून एकदा अंगठा फिरवला, नापसंतीने तोंड वाकडं केलं आणि सुई काढली. पण शिकंजा टेबलालाच राहिला होता. कापड गुडघ्यावर ठेवलं की घसरायचं, दातांत धरलं की टाका दिसायचा नाही. दोन वेळा सुई बोटात घुसली. सून खिडकीबाहेर बघत होती. कालपासून ती कामापुरतंच बोलत होती.

"धर," फूटपट्टी म्हणाली.

सुनेने वळून बघितलं.

"कड धर. ताणून. नुसती धरायची हं."

सुनेने दोन्ही हातांनी कड ताणून धरली. टाका लांब पडला, तिची बोटं जराशी हलली, पण ती थांबली आणि तशीच धरून राहिली. पुढचा आखूड पडला. तळ्याच्या वळणापर्यंत दोघी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तरी त्या वाटेत त्यांचं कालचं भांडण मिटलं.

तळ्यावर पोचले तेव्हा वीतभर शिवण बाकी होती. उन्हाचा चटका बसायला लागला होता. मुलगा कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "तोवर तंबू तरी उघडतो," आणि पिशवीची चेन ओढायला लागला.

"राहू दे," नवरा म्हणाला.

घरात हे दोन शब्द दिवसाला कितीदा ऐकू यायचे, पण मुलाला कोणी म्हटले नव्हते. त्याने बापाकडे बघितलं. बाप काठ्या टेकवून उन्हात उभा होता, जागचा हलायचं चिन्ह नव्हतं. मुलगाही मग उभा राहिला. फूटपट्टीने शेवटची गाठ दातांनी आवळली, दोरा तोडला आणि गाडीतून पाय बाहेर टाकला.

उतार उतरायला तिला फार वेळ लागला. काठी आधी, मग डावा पाय, मग तो दुसरा, ओढत. एकदा ती झोकांडली तेव्हा मुलाचा हात आपोआप पुढे आला. तिने त्याच्याकडे बघितलं, आणि त्याने तोच हात डोक्यावरून फिरवून केस सारखे केले.

सावली उभी राहिली. उभी राहिली म्हणजे काय, एक कोपरा उंच, एक खाली, मधे पोटासारखी लोंबलेली, आणि एका बाजूने ऊन सरळ आत. नवरा खाली बसून वर बघत राहिला. "वाकडी आहे," तो म्हणाला.

"आहे," फूटपट्टी म्हणाली. "ज्याला ऊन लागतंय त्याने सरकावं."

सगळे सरकले. चौघं एकाच अंगाला दाटीवाटीने बसले, मुलाचा गुडघा बापाच्या बरगडीत, सुनेचा खांदा सासूच्या खांद्याला टेकलेला. वाऱ्याने छत फडफडलं, एकही टाका सुटला नाही. फूटपट्टी पाण्याकडे बघत होती. इथून तिला लोकांची डोकी नाही, पाणी दिसत होतं.

थोड्या वेळाने सून म्हणाली, "आई, जरा तेवढा चहा ओतता का? माझे हात अडकलेत."

फूटपट्टीने वळून बघितलं. सुनेचे दोन्ही हात मांडीवर होते, मोकळे, एकावर एक ठेवलेले. सून तळ्याकडे बघत होती.

फूटपट्टीने थर्मासकडे हात नेला. थर्मास तिच्या डाव्या हाताला लागेल असा, झाकण आधीच सैल करून ठेवलेला होता. तिने ते झाकण उलटं फिरवून पुन्हा घट्ट लावलं, थर्मास गुडघ्यांत पकडला आणि स्वतः उघडायला लागली.

"म्हणजे शिवायचंही मीच आणि चहाही मीच!" ती कडाडली. "तुम्ही तिघं इथे करायला काय आलाय? पेले धरा, पेले! का तेही मीच धरू?"

तिघांनी घाईघाईने पेले पुढे केले. पहिला अर्धा चहा नवऱ्याच्या पायावर गेला. त्याने पेला तेवढा जरा जवळ नेला.