एका मताची साक्ष

पडदा वर जावा आणि देखावा उजळावा, तशी आरमोरीकडच्या त्या गावातली सकाळ. ग्रामपंचायतीपुढचा पार, पलीकडे कापून रचलेले धानाचे पुंजणे, भिंतीवर मंडईच्या जत्रेतल्या नाटकाचं अर्धं फाटलेलं पोस्टर. मधोमध खुशाल उभा, भोवती जमलेला गाव. पंचायत निवडणुकीच्या कालच्या मोजणीत तो दसरूकडून एका मतानं पडला होता.

पाराच्या कडेला त्याची आत्या गुणाबाई शेंगा सोलत बसली होती. आईमागे खुशालला तिनंच वाढवलं. तिचा स्वभाव गावाला पाठ होता. शंकरपटाच्या शर्यतीत मागे पडलेल्या बैलजोडीसाठी ती घसा फोडायची. नाटकात संवाद विसरलेल्या नटाला पहिली टाळी तिची. त्या टाळीवर कितीतरी नट तरले.

"गडबड झाली," खुशाल म्हणाला. "अंगनवाडीच्या नीलिमानं म्हाताऱ्या बायाइले हात धरून आत नेलं अन् सोताच बटन दाबलं. मी तहसीलीत तक्रार देऊन राह्यलो."

नीलिमा खांबाला टेकली. तक्रार गेली की नोकरी गेली, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

गावातले वडीलधारे लटारूभाऊ म्हणाले, "पाह्यलं कोनं?"

"प्रफुलनं."

"मी काऊन?" प्रफुल दचकला. "मले कोलूनं सांगतलं."

"अन् मले तुमीच सांगतलं, खुशालभाऊ," कोलू म्हणाला.

पुरावा गावभर फिरून जेवायला घरी परतला. लटारूभाऊंनी शांतपणे विडी पेटवली.

"बरं. नीलिमानं हात धरून कोनाले नेलं?"

गुणाबाईनं हातातली शेंग खाली ठेवली. "मले."

खुशालचा चेहरा खुलला. साक्षीदार घरचाच निघाला होता. गुणाबाईनं एकदा नीलिमाकडे पाहिलं, एकदा भाच्याकडे.

"पोरगी दाराशीच थांबली. आत मी एकटीच होती. बटन म्या दाबलं."

"बस, बाई. एवढंच पाह्यजे होतं," लटारूभाऊ म्हणाले. "कोनाले देल्लं, ते सांगू नोको."

नीलिमानं पदरानं तोंड पुसलं. माणसं उठायला लागली. खुशाल मात्र हलला नाही.

"आत्या, मले देल्लं ना?"

उठलेली माणसं पुन्हा बसली. गुणाबाई त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. तिनं सोललेले दाणे त्याच्या हातावर ठेवले.

"बापू, तुले तं सारा गाव देनारच होता. म्या म्हनलं, बिचाऱ्या दसरूले एखादं तरी पडू दे."