संदर्भसूचीतलं माहेरचं नाव

भुलाबाईच्या गाण्यांवर पीएच.डी. करायला घेतली तेव्हा निम्मी गाणी मला घरातच मिळाली. सासूबाईंचं माहेर नागपूरजवळचं खापा. लग्नाआधी गल्लीतल्या पोरींसोबत म्हटलेली ही गाणी त्यांना अजून तोंडपाठ होती. रामदासपेठेतल्या आमच्या स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता त्यांनी ती गायली आणि मी मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतली.

गाइड मॅडम मात्र संदर्भांच्या बाबतीत भलत्याच काटेकोर. 'सासूबाईंकडून ऐकले' या माझ्या टिपेवर त्यांनी लाल रेघ मारली. "कुणाच्या सासूबाई? नाव द्या, गाव द्या. नाहीतर ते प्रकरणच काढा."

मी तणतणत घरी आले. सासूबाईंना म्हटलं, "आई, प्रबंधात तुमचं नाव घालते."

"माह्यं नाव नको टाकू वं."

"लाजता काय हो?"

"लाजून नाही राहिली. आधार कार्डावर जे आहे ना, तिनं ते गाणे म्हटलेच नाही. ते नाव तर लग्नात ताटातल्या तांदळावर लिहून देल्लं मले. भुलाबाई खेळे ते पोरगी दुसरीच होती."

मग त्यांनी ते दुसरं नाव सांगितलं. इतकी वर्षं या घरात आहे मी, आणि मला ते ठाऊक नव्हतं! नवऱ्याला विचारलं, तर त्यालाही आठवेना. फार राग आला मला त्याचा.

दुसऱ्या दिवशी मॅडमशी भांडायच्या तयारीनंच गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "लेखिकेनं पुढे नाव बदललं, तरी जुन्या पुस्तकाचा संदर्भ आपण जुन्याच नावानं देतो. मग यांचाही तसाच द्या."

प्रबंध बांधून आला तेव्हा मी संदर्भसूचीचं पान उघडून सासूबाईंपुढे धरलं. माहेरचं आडनाव, माहेरचं नाव, पुढे खापा. त्यांनी त्या ओळीवरून हळूच बोट फिरवलं.

"वाच बरं."

मी वाचलं.

"असं नाही. हाक मार."

सासूला नावानं हाक मारायची? जीभच रेटेना. त्या तशाच बघत राहिल्या, म्हणून मग अंगणातून मैत्रिणीला बोलवावं तशी हाक मारली, नावापुढे 'वं' लावून.

पदराला हात पुसत त्या उठल्याच.

"आली वं, आली!"