पाटलावर राग, पाणी गावाचं बंद

काही विषय शिकवता शिकवता माणूस थकतो, पण त्यातले किस्से काही थकत नाहीत. माझा विषय त्यातलाच. नांदेडच्या एका कॉलेजात मी आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवतो. त्यात एक टॉपिक आहे: परक्या देशात लोकशाही यावी म्हणून त्याच्यावर आर्थिक निर्बंध घालायचे, नाहीतर मदतीचं गाजर दाखवायचं. जगात कुठंतरी कोणी लष्करशहा गादीवर बसतो आणि मला नवं उदाहरण मिळतं. नोट्स मात्र जुन्याच चालतात!

०

एकदा वर्गात निर्बंध समजावून सांगत होतो. व्यापार बंद, बँका बंद, तेल बंद. उमरीकडचा एक पोरगा उठला.

"सर, म्हंजी पाटलावर राग म्हणून गावाचं पाणी बंद करायचं, असंच का?"

"साधारण तसंच."

"मग पाटील काय पितो?"

मी उत्तर शोधतोय तोवर मागच्या बाकावरून आवाज आला, "जारचं!"

तास तिथंच संपला.

०

आमचे विभागप्रमुख शिंदे सर निर्बंधांचे कट्टर समर्थक. "नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. उदगीरच्या बिरादार मॅडम त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत बसतात आणि बरोबर उलटं बोलतात. "सर, नाक एकाचं अन् दाबता दुसऱ्याचं!"

एका वर्षी प्राचार्यांनी स्टाफ सेक्रेटरीची निवडणूक घेतलीच नाही, मर्जीतला माणूस नेमला. शिंदे सर खवळले. "प्राचार्यांच्या एकाही कार्यक्रमाला जायचं न्हाई. टोटल सँक्शन्स!" आम्ही सगळ्यांनी मान्य केलं.

आठवडाभरात प्राचार्यांनी सरांना परीक्षा विभागाचं प्रमुख केलं. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या सत्काराला सर पहिल्या रांगेत!

मॅडमनी नुसतं बघितलं. सर हळूच म्हणाले, "निर्बंध टप्प्याटप्प्यानंच उठवायचे असतात, मॅडम."

निवडणूक अजून व्हायची आहे.

०

लातूरला एका चर्चासत्राला आम्ही तिघं गेलो होतो. दिल्लीहून एक तज्ज्ञ आले होते. मदत देताना अटी घालाव्यात, म्हणजे हुकूमशहा सुधारतात, असं ते तासभर सांगत राहिले. शेवटी मॅडमनी माईक मागितला.

"अट मोडली तर काय करता?"

"समज देतो."

"पुन्हा मोडली तर?"

"तीव्र शब्दांत समज देतो."

"अन् मदत?"

"ती चालू ठेवावी लागते. बंद केली तर दुसरा कोणी देतो ना!"

मॅडमनी "थँक यू" म्हणून माईक परत दिला.

०

त्याच दिवशी शिंदे सरांच्या मेव्हण्यांकडं जेवायला गेलो. लातूरला त्यांची डाळ मिल आहे. भाकरी, वरण, ठेचा, झकास बेत. सर रंगात आले. "म्यानमारच्या लष्करानं निवडून आलेलं सरकार पाडलं. सगळ्या देशांनी मिळून त्यांचा माल घेणंच बंद केलं पाहिजे!"

मेव्हण्यांच्या हातातली वरणाची वाटी हवेतच थांबली.

"दाजी, तूर तेवढी सोडून बोला! तुम्ही खायलाव ती तिकडचीच हाय."

सरांनी थोडा विचार केला. मग वाटी पुढं केली.



०

सुदानचा इद्रिस आमच्याकडं एम.ए.ला होता. उंच, अबोल. दोन वर्षांत तो बऱ्यापैकी मराठी शिकला आणि कँटीनमध्ये "लई भारी" म्हणायला लागला. त्याच्या देशात लष्करानं सत्ता घेतली, तशी मोठ्या देशांनी मदत थांबवली. शिंदे सर वर्गात म्हणाले, "योग्य केलं!" इद्रिस खाली मान घालून लिहीत राहिला. पुढं तो काही दिवस कॉलेजला आला नाही. मॅडम होस्टेलवर जाऊन आल्या, पण आम्हाला काही बोलल्या नाहीत.

तोंडी परीक्षेला आम्ही तिघं आणि एक बाहेरचे परीक्षक. परीक्षकांना घाई होती. फाईल चाळत त्यांनी विचारलं, "तुमच्या देशाची मदत बंद केली, ते बरोबर की चूक? थोडक्यात सांगा."

इद्रिस म्हणाला, "सर, माझा भाऊ रोज मोर्चात जायचा. तो म्हणायचा, बरोबर. आई सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिथं औषधं संपली. ती म्हणायची, चूक. मी फोनवर असतानाच दोघं भांडायचे."

"मग? शेवटी काय ठरलं?"

"भाऊ मोर्चात गेला, सर. लष्कराची गोळी लागली."

परीक्षकांनी फाईल मिटली. शिंदे सर खिडकीबाहेर बघायला लागले.

"दवाखान्यात औषधं अजून नाहीत," इद्रिस म्हणाला. "पण आई आता म्हणते, बरोबर."