म्हाताऱ्याचं चालणं

शिरूरच्या टॉकीजचा ऑपरेटर माझ्याशी बोलायचा, पण नजर कायम मशीनवर. निमोण्याला जाणाऱ्या आम्हा लोकांची संध्याकाळची शेवटची एसटी चुकू नये, म्हणून दुपारच्या खेळातला एखादा तुकडा तो आधीच कापून बिस्किटाच्या डब्यात ठेवायचा आणि खेळ संपला की पुन्हा जोडायचा. एका सिनेमात म्हातारा बायकोला अग्नी देऊन घरी चालत येतो. तो तुकडा कापताना मला म्हणाला होता, "निस्तं चालणंच हाय, गुरुजी. त्यात काय बघायचं?"

दोन वर्षांनी तोच सिनेमा परत आला. मधे ऑपरेटरची बायको वारली होती. मी भेटायला गेलो, तेव्हाही तो मशीनबद्दलच बोलत राहिला.

त्या दुपारी पडद्यावर म्हातारा चालू लागला आणि चालतच राहिला. लोकांनी शिट्ट्या मारल्या, बाकडी बडवली. बाहेर आलो तर एसटी गेलेली. मी तणतणत वर त्याच्या खोलीत गेलो.

"अहो, तेवढं कापायचं होतं ना!"

रीळ गुंडाळता गुंडाळता त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडं पाहिलं.

"कुठं कापू, गुरुजी? तेवढं चालल्याबिगर घर येतच न्हाई."